कढईतलं वल्हं

गुढियारीत रेल्वेलाइनच्या अलीकडे नरहरी झिलप्यांचं घर कुठे म्हणून विचारलं, तर लोक पत्त्याआधी स्वभाव सांगतात. "वो गुस्सेवाले सुतार? सीधे जाओ, जहाँ से आवाज आए, वही घर." हे अगदीच खोटं नाही.

नरहरींचे वडील तुमसरहून रायपूरला आले ते रेल्वेच्या नोकरीसाठी. नरहरीही पुढे वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात सुतार म्हणून लागले आणि केस पिकेपर्यंत तिथेच राहिले. साहेबलोकही त्यांना वचकून असत. या माणसाचा राग स्वतःपुरता नसायचा, ही त्यातली खरी अडचण. बढती हुकली तेव्हा ते एक शब्द बोलले नाहीत. भाजीत मीठ नसलं तर तशीच खाऊन उठत. पण सडक्या फळीवर कुणी रंगाचा हात फिरवून ती चांगली म्हणून खपवायला लागलं, की त्यांच्या कानशिलाची शीर उडायला लागायची. "आतून सडलं ना बे हे! कोनाले फसवून राहिला?" आणि मग ती फळी उखडून खाली येईपर्यंत कुणाला सुटका नसे.

निवृत्त झाल्यावर त्यांनी घरापुढच्या ओसरीत बाकडं मांडलं. कुणाचा देव्हारा, कुणाची चौकट. मंदाकिनीबाईंना वाटलं, आता तरी हा माणूस शांत होईल. पण दिवस काही शांत होण्याचे नव्हते. रायपूर राजधानी होऊन काही वर्षं लोटली होती, तरी नवेपणाचा उत्साह ओसरला नव्हता. गावाबाहेरच्या माळावर तर आणखी एक नवी राजधानी उठत होती. नव्या राज्यात ज्याची त्याची संघटना निघाली, संघटनेला अध्यक्ष आला, सचिव आला, पाटी आली. 'खारून नौका मंडळ' हे त्यातलंच एक. ब्राह्मणपाऱ्यातले भार्गव शेवडे त्याचे सचिव. घराणं भोसल्यांच्या काळापासून रायपुरात रुजलेलं, बोलणं मऊ, हसणं त्याहून मऊ.

नरहरींचा या मंडळाशी संबंध यायचं काही कारण नव्हतं. कारखान्यातला एक जुना सोबती वारला, त्याच्या दहाव्याला ते महादेव घाटावर गेले होते. विधी चालले होते आणि हे पायरीवर बसून नदीकडे पाहत होते. तेवढ्यात एक निमुळती, अंगाला चिकटेल एवढी अरुंद होडी समोरून गेली. तिच्यात एक मुलगी एक गुडघा टेकून, दुसरा पाय पुढे रोवून, एकाच बाजूनं वल्हं मारत होती. दर दहा-पाच फटक्यांनी थांबायची, हात झटकायची, पुन्हा सुरू.

ती काठाला लागली तेव्हा नरहरी उठून पाण्यापर्यंत गेले. "काय झालं हाताले?"

मुलीनं तळवा मिटला. "कुछ नहीं, बबा."

"दाखव."

तळव्याच्या मध्यावर जखम होती, चिंध्या बांधून बांधून ओली झालेली. नरहरींनी तिच्या हातातलं वल्हं घेतलं आणि उलटसुलट करून पाहिलं. पुरुषांच्या मापाचं वल्हं मुलीला लांब पडतं म्हणून कुणीतरी ते वरून करवतीनं छाटलं होतं, आणि मूठ म्हणून त्यावर लाकडाचा एक आडवा ठोकळा खिळ्यांनी ठोकून दिला होता. दाब पडून पडून खिळ्याचं डोकं वर आलेलं. मुलगी शर्यतीची तयारी करत होती त्या खिळ्यावर हात दाबून.

"हे कोनं केलं?"

"मंडल वालों ने. बोले, अभी इसी से चलाओ."

नरहरींनी ते वल्हं तिथेच पायरीवर आपटायला उचललं होतं; मुलीनं ते झडप घालून काढून घेतलं. "तोड़ोगे तो कल काय से चलाहूँ?" ती ओरडली, अर्धं हिंदी, अर्धं छत्तीसगढी. तिचाही आवाज काही कमी नव्हता. तिचं नाव फुलेश्वरी निषाद. बाप बिसाहू, घाटावरचा केवट. डोंगा चालवायचा आणि मासे धरायचा. मुलींसाठी कॅनोची शर्यत तेव्हा नुकती सुरू झाली होती, आणि मंडळानं घाटावरच्या चार-पाच केवटांच्या मुली निवडल्या होत्या, कारण शहरातल्या कुणाच्या मुली त्या पाण्यात उतरायला तयार नव्हत्या. होड्या आल्या होत्या. वल्ही आली होती ती सगळी मुलांची.

घरी येईस्तोवर नरहरी धुमसत होते. चपला काढायच्या आधीच सुरू झाले. "पोट्टीच्या हाताखाली खिळा! असा खिळा तं वॅगनीतल्या बाकड्याले ठोकला असता ना, तरी मी सस्पेंड केलं असतं."

"तुम्ही कोनाले सस्पेंड करनार होते?" मंदाकिनीबाई म्हणाल्या. "राग आला ना? मंग करा ना तिले एक."

म्हणून त्यांनी केलं. आणि पहिलं चुकलं. त्यांच्याकडे जपून ठेवलेली सागाची फळी होती. तिचं त्यांनी असं वल्हं काढलं की बघणाऱ्यानं हात फिरवत राहावं. पॉलिश असं की तोंड दिसावं. ते मिरवत घाटावर नेलं. फुलेश्वरीनं ते घेतलं, होडीत बसली, पलीकडच्या झाडापर्यंत गेली आणि परत आली.

"बबा, ये चप्पू नहीं है. दरवाजा है."

बिसाहू डोंग्यात जाळं आवरत होता, तो फिसकन हसला. नरहरी तिथून उठले ते मागे न बघता रिक्षात बसले. दोन दिवस ओसरीतल्या बाकड्याला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी भडकलेलेच परत घाटावर गेले आणि बिसाहूच्या डोंग्यातलं वल्हं न विचारता उचलून पाहिलं. ओबडधोबड, काळं पडलेलं, पण हातात घेतलं की जणू हातच लांब झाल्यासारखं.

"कोनसा लाकूड?"

"खम्हार," बिसाहू म्हणाला. "पानी मा घलो हल्का रथे."

खम्हार म्हणजे शिवण, पाण्यातही हलकी राहणारी. नरहरींच्या वडिलांनी त्यांचा पाळणा शिवणीचा केला होता. नरहरींना स्वतःचाच राग आला. हे आपल्याला सुचायला नको होतं का?

मग मात्र त्यांनी घाई केली नाही. फुलेश्वरीला पायरीवर उभं करून, हात वर करायला लावून बांबूवर खूण घेतली. शिवणीच्या पातळ पट्ट्या काढल्या, मधे ताकदीसाठी सागाची एक चिंचोळी पट्टी ठेवली, पाण्यात न सुटणाऱ्या सरसानं चिकटवून शिकंज्यात आवळल्या. रंध्यानं दांडा गोल करत आणला. पातं कडेला पातळ आणि मधे कण्यासारखं भरीव ठेवलं. शेवटी काचेच्या तुकड्यानं खरवडून, जवसाचं तेल पाजून ते घाटावर घेऊन गेले. ती म्हणाली, गळ्याशी जाड लागतं. परत आणून तासलं. ती म्हणाली, मूठ डावीकडे बोचते. परत आणली. असं होत होत एका सकाळी ती पार वळणाच्या पलीकडे दिसेनाशी झाली आणि बऱ्याच वेळानं परतली, घामानं निथळत.

"कसं हाय?" नरहरींनी विचारलं.

"हव," ती म्हणाली. छत्तीसगढीत 'हो', एवढंच.

त्या एका 'हव'वर नरहरी घरी येऊन दोन भाकरी जास्त जेवले.

पुढे बाकीच्या मुलीही आल्या. नरहरींनी प्रत्येकीचं वेगळं माप घेतलं, प्रत्येकीचं वेगळं वल्हं केलं. एकीचे खांदे रुंद, तिचं पातं मोठं. एकीची बोटं आखूड, तिची मूठ बारीक. "एकासारखं एक करून द्या ना काका, लवकर होतील," असं मंडळाचा कुणीतरी म्हणाला, तर त्याला ओसरीतून हाकललं. वल्ही मंडळाच्या खोलीत होड्यांबरोबर ठेवली जायची. मुलींची म्हणून केली होती, आणि मुलींच्याच हातात होती, तोवर नरहरींना त्यात काही वावगं दिसलं नाही.

राज्याच्या चाचणीत मुली चांगल्या चालल्या. भोपाळच्या मोठ्या तलावावर राष्ट्रीय स्पर्धा होणार होती. तिथे जायचं ठरलं. जायच्या आधी मंडळानं समता कॉलोनीतल्या एका भवनात सत्कार ठेवला. मोठे पाहुणे येणार होते. मुलींसाठी बाहेरून फायबरची नवी वल्ही मागवली होती, ती पाहुण्यांच्या हातून द्यायची होती. नरहरींना बोलावणं नव्हतं. फुलेश्वरीच घरी येऊन सांगून गेली, "बबा, तुमको आना है. दीदी को भी लाना." मंदाकिनीबाईंना ती दीदी का म्हणायची, कोण जाणे, पण मंदाकिनीबाईंना ते आवडायचं.

दोघं ठेवणीतले कपडे घालून गेले. भवनाच्या मागच्या अंगाला मांडवाखाली चुली पेटल्या होत्या. नरहरी हात-पाय धुवायला म्हणून मागे नळावर गेले. तिथे एका प्रचंड कढईत कढी उकळत होती, आणि आचारी ती ढवळत होता. कढईचा पसारा एवढा की साधा झारा पुरला नसता. आचाऱ्याच्या हातात लांब दांड्याचं काहीतरी होतं. नरहरींनी आधी नुसतंच पाहिलं, मग नीट पाहिलं. पातं वर आलं, त्यावरून पिवळी कढी ओघळली, आणि पात्याच्या मधोमध सागाची चिंचोळी पट्टी दिसली.

फुलेश्वरीचं वल्हं.

दुसरं एक मांडवाची कनात उचलून धरायला टेकवलं होतं. आणखी एक चुलीशेजारी पडलं होतं, टोकाशी काळं. बहुतेक लाकडं पुढे सारायला वापरलेलं. उरलेली पाण्याच्या पिंपाखाली पाचरीसारखी.

 नरहरी चालत कढईपाशी गेले आणि दांडा धरला.

"अरे चाचा, जल जाओगे!" आचारी म्हणाला. भला माणूस होता. "ये किसने बनाया है पता नहीं, पर पलटा एक नंबर है. इतना हल्का, हाथ नहीं दुखता."

त्याला बिचाऱ्याला काय माहीत. त्याला जे हाताशी दिलं ते त्यानं वापरलं. नरहरी त्याच्यावर ओरडलेसुद्धा नाहीत. ते वल्हं त्यांनी कढईतून ओढून काढलं आणि तसंच ठिबकत घेऊन, मागच्या दारानं थेट सभागृहात शिरले. मंदाकिनीबाई खुर्चीवरून अर्ध्या उठल्या. त्यांना चेहरा बघूनच कळलं होतं. खुर्च्यांच्या रांगांमधून पिवळ्या थेंबांची रेघ उमटवत नरहरी व्यासपीठावर चढले. भार्गव शेवडे ध्वनिक्षेपकापाशी उभे होते. मुख्य पाहुणे हार घालून बसले होते.

आणि नरहरी बोलले. काय वाट्टेल ते बोलले.

"लेकरायच्या हातची वस्तू हाय हे! यानं पानी कापाचं असते, कढी नाई ढवळाची! खिळ्यावर हात ठेवून पोट्ट्या वल्हवत होत्या तवा तुम्ही कुठी होते? मी एकेकीचं माप घेतलं, एकेकीच्या हाताले लावून पाह्यलं, आन् तुम्ही चुलीत घालून राहिले? नवं आलं म्हनून जुनं आगीत? आन् वरून सत्कार? लाज नाई वाटत काय?"

सभागृह शांत झालं. पण ती शांतता समजण्याची नव्हती. रायपुरातला तो कार्यक्रम. तिथल्या बहुतेकांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं. नरहरी आयुष्यभर कारखान्यात हिंदी बोलले होते, पण खरा राग आला की त्यांना हिंदी सापडायची नाही. मुख्य पाहुणे विस्मयानं हसत शेवड्यांकडे पाहू लागले. हा काय म्हणतोय?

शेवड्यांना सगळं कळलं होतं. शब्दन् शब्द. त्यांनी गळा साफ केला, मऊ हसले आणि ध्वनिक्षेपकात म्हणाले, "काका भावुक हो गए हैं. कह रहे हैं कि ये चप्पू उन्होंने अपने हाथों से बनाया है, हमारी बेटियों के लिए, और आज वो इसे माननीय मुख्य अतिथि जी को भेंट करना चाहते हैं."

टाळ्या पडल्या. खूप टाळ्या.

नरहरी तोंड उघडून उभेच राहिले. पाहुणे उठले, दोन्ही हातांनी ते वल्हं त्यांच्याकडून घेतलं, स्वतःच्या शुभ्र सदऱ्यावर कढीचा ओघळ आला तोही त्यांना कळला नाही, आणि छायाचित्रकारांचे दिवे लखलखले. गर्दीत एक आवाज उठला होता. "झूठ! बबा ये नहीं बोल रहे! वो बोल रहे हैं कि कढ़ी..." फुलेश्वरी खुर्चीवर उभी राहून ओरडत होती. इतक्या महिन्यांत तिला नरहरींची बोली बरीच कळायला लागली होती. पण टाळ्या आणि ध्वनिक्षेपक यांच्यापुढे एका मुलीचा आवाज किती चालणार? कुणीतरी तिला हाताला धरून खाली बसवलं.

दुसऱ्या दिवशी छापून आलं. नरहरी आणि पाहुणे, मधे वल्हं. खाली ओळ : कारीगर ने भेंट किया पारंपरिक चप्पू. नरहरींचं तोंड उघडं होतं. वाचणाऱ्याला वाटावं, आनंदानं.

गल्लीतले लोक अभिनंदन करायला आले. ते सगळ्यात वाईट. नरहरी एकेकाला सांगत होते, बाबा रे, भेट नाही दिली, शिव्या दिल्या. लोक म्हणत, "फोटो मा त बने दिखत हव, कका." फोटोत तर छान दिसताय म्हणे. ते वल्हं पाहुण्यांच्या गाडीतून गेलं, कुठल्या बंगल्यात टांगलं की फेकलं, कुणाला ठाऊक. उरलेली नरहरींनी त्याच दिवशी मांडवातून गोळा करून घरी आणली होती. धुतली, खरवडली. एकाचं पातं आगीनं तडकलं होतं. ते आता कशाच्याच कामाचं नव्हतं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी गिळता आलं असतं. पण दोनच दिवसांनी फुलेश्वरी दारात उभी राहिली. आत आली नाही.

"मेरा नाम काट दिया," ती म्हणाली. "बोले, अनुशासन नहीं है. मेहमान के सामने चिल्लाई."

नरहरींनी रंधा खाली ठेवला. "त्या शेवड्याले मी आत्ता..."

"बबा!" ती इतक्या जोरात ओरडली की मंदाकिनीबाई आतून धावत आल्या. "तुम हिंदी में काबर नहीं बोले? पूरी जिंदगी हिंदी बोले हो! हिंदी में बोलते तो सब समझते. मुझे खड़ा नहीं होना पड़ता. गुस्सा तुंहर, नुकसान मोर?"

राग नरहरींचा, नुकसान तिचं. आयुष्यात पहिल्यांदा समोरचा माणूस त्यांच्यावर खऱ्या कारणानं भडकला होता.

ती गेल्यावर मंदाकिनीबाईंनी पायात चपला घातल्या. मग म्हणाल्या, "चला."

"कुठी?"

"शेवड्याकडे. माफी मांगा."

"मी? त्यानं मांगाची का मी?"

"तुमच्यासाठी नाई म्हनून राहिली मी. पोरीसाठी."

ब्राह्मणपाऱ्यात शेवड्यांच्या घरी पुढच्या खोलीत मंडळाची दोन-चार माणसं चहा पीत बसली होती. शेवड्यांनी दोघांनाही खुर्च्या दिल्या, चहा दिला आणि स्वतःचं बोलणं पुरं होईस्तोवर वाट बघायला लावलं. नरहरींनी कप हातात तसाच धरून ठेवला.

"बोला काका."

"चूक झाली," नरहरी म्हणाले.  "माह्याकडून झाली. पोरीचं नाव काटू नका."

शेवडे हसले. "काका, तुम्ही त्या दिवशी काय काय बोललात, ते मला एकट्यालाच कळलं. मी ते पोटात घातलं. तुमची इज्जत राहिली, मंडळाची राहिली. खरं तर तुम्ही माझे आभार मानायला हवेत." मग जरा थांबून, "आणि ती बाकीची वल्ही तेवढी पाठवून द्या. मंडळाची मालमत्ता आहे ती."

नरहरींच्या कानशिलाची शीर उडायला लागली. पण त्यांच्या आधी मंदाकिनीबाई बोलल्या, पदर सावरत, अगदी हलक्या आवाजात. "आम्ही माफी मांगाले आलो भाऊ. वल्ही द्याले नाई. तुमच्याकडे झारा नसन तं मी घरून पाठवते."

शेवड्यांचं हसू जरासं आखडलं. "बघू," ते म्हणाले. "तुम्ही आलात, हेच पुष्कळ. पोरीचं मी करतो काहीतरी. तुमच्या शब्दाखातर."

दोघं बाहेर पडून गल्लीच्या तोंडाशी आले तर मुलींचा प्रशिक्षक स्कूटर लावत होता. भिलाईचा तरुण, बोलण्यात सरळ. त्यानं नरहरींना पाहून हात जोडले. "काकाजी, चिंता मत करना. फुलेश्वरी जा रही है. जोड़ी वाली नाव उसके बिना खड़ी ही नहीं होती. सर ने आज सुबह ही नाम भेज दिया, भोपाल."

"सुबह?" नरहरी म्हणाले.

"हाँ, सुबह. सर ने खुद दस्तखत किए."

म्हणजे आत चहा पाजताना शेवड्यांना हे माहीत होतं. नाव गेलेलं होतं. आणि तरी माणूस समोर बसून माफी ऐकत होता, चवीनं. 'तुमच्या शब्दाखातर.'

मंदाकिनीबाईंनी नरहरींचा सदरा धरला. सदरा ताणला गेला, एक बटण तुटलं, आणि नरहरी सुटले. ते गल्लीतून परत गेले, दार लोटलं, पुढच्या खोलीत उभे राहिले. या वेळी त्यांनी शब्द जुळवून घेतले होते; येताना वाटेत ओठ हलत होते.

"मैं माफी वापस लेने आया हूँ," ते हिंदीत म्हणाले, खणखणीत, एकेक शब्द सुटा. "सब लोग सुनो. बच्चियों के चप्पू से कढ़ी चलाई गई. चूल्हे में लकड़ी सरकाई गई. मैंने गाली दी थी, भेंट नहीं दी थी. इस आदमी को सब समझ में आया था, और इसने माइक पर झूठ बोला. लड़की ने सच बोला, तो उसका नाम काटा. फिर नाम भेज दिया, और मुझसे माफी मँगवाई, मजे के लिए. मैंने जो माफी माँगी, वो वापस. नहीं माँगी."

खोलीतल्या माणसांनी कपांत पाहिलं. एकजण हसला आणि मग खोकल्याचं नाटक केलं. शेवडे म्हणाले, "काका, अब हो गया," आणि तेही हिंदीतच म्हणाले. नरहरी वळले आणि निघून आले. आत पुढे काय झालं ते त्यांना माहीत नाही. काही झालं असेल असं वाटत नाही. शेवडे सचिवपदावर राहिले, पुढे आणखी मोठ्या समितीवर गेले.

फुलेश्वरी भोपाळला गेली. फायबरचं वल्हं घेऊन गेली; लाकडाचं तिथे चालणार नाही असं मंडळानं सांगितलं. परत आली तेव्हा पहिल्यांदा गुढियारीत आली, आणि या वेळी आतही आली. जोडीत पाचव्या आल्या होत्या. नव्या राज्याच्या मुलींचं नाव तिथल्या निकालाच्या फळ्यावर पहिल्यांदा लागलं होतं, असं तिनं सांगितलं, पण सांगताना खूश नव्हती.

"फायबरवाला कैसा है?" नरहरींनी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण विचारलं.

"हल्का है," ती म्हणाली. खोटं तिला बोलता यायचं नाही. "तुम्हारे से भी हल्का. पर लंबा है, बबा. आदमियों का है. हर चप्पू में कंधा उखड़ता है."

"मंग काप ना वरून! मूठ मी बसवून देतो. सरसानं बसवतो, एक खिळा नाई."

"काटने नहीं देते. बोले, महंगा है, मंडल का है."

नरहरी उठले, बसले, पुन्हा उठले. आधी लाकडाचं कापून त्यात खिळे ठोकणारे हेच. पोरीच्या मापाचं होतं ते चुलीत घालणारे हेच. आणि आता कापायला हवं ते न कापू देणारेही हेच. "बबा, तुम्हारी नस," फुलेश्वरी त्यांच्या कानशिलाकडे बोट दाखवून म्हणाली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

नंतर तिला खेळाच्या कोट्यातून पोलिसात नोकरी लागली. जगदलपूरला असते. सुटीत येते तेव्हा घाटावरच्या लहान मुलींना बिसाहूच्या डोंग्यात बसवून शिकवते. मंडळाच्या होड्या त्यांना मिळत नाहीत. त्या मुलींची वल्ही नरहरी करतात, शिवणीची, बुटकी, कुणाचं तर हातभरच. ज्या मुलीला हवं तिनं स्वतः यायचं, उभं राहायचं, हात वर करायचा. तिच्या वतीनं कुणी बाप्या आला तर त्याला ओसरीच्या पायरीवरूनच परत पाठवतात. नव्या राजधानीतल्या एका हॉटेलवाल्यानं भिंतीवर लावायला डझनभर मागितली होती. त्याचं काय झालं ते सगळ्या गुढियारीनं ऐकलं.

आता नरहरींचे हात थरथरतात, काच धरता येत नाही, पातं खरवडायला मंदाकिनीबाई बसतात. ओसरीत कुणी नवा माणूस आला की ही हकिगत सुरू होते, आणि कढईपाशी आली की आवाज तस्साच चढतो. ऐकणारा कुणीतरी हमखास म्हणतो, "झालं ते झालं काका. किती वर्षं झाली. जाऊ द्या आता."



"काहून जाऊ देऊ?" नरहरी म्हणतात. "त्या मानसानं एकदा तरी सांगतलं काय, का मी खोटं बोललो म्हनून? नाई सांगतलं ना? मंग मी काहून जाऊ देऊ?"